लावायला नव्हे, राखायला : बोर्निओच्या संवर्धन मोहिमेवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सबाहला पोचल्यावर पहिल्या दिवशी हातात रोप येईल असे मला वाटले होते. आला कोयता. आमच्या आधीच्या तुकडीने नदीकाठी लावलेल्या रोपांभोवती पुरुषभर उंच गवत माजले होते आणि वेलींनी कित्येक रोपे आडवी केली होती. पुढचे नऊ दिवस आम्ही एकही नवे झाड लावले नाही. रोपे शोधायची, भोवतीचे गवत कापायचे, वेल मुळापाशी तोडायचा, काठी रोवून रंगीत फीत बांधायची, एवढेच काम. तेव्हा मी हिरमुसलो होतो. आज कोणी मुलगा किंवा मुलगी परदेशातल्या मोहिमेबद्दल विचारायला आली की मी आधी हेच विचारतो : लावायला जायचंय की राखायला? राखायची तयारी असेल तर पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे.

मी लिहितोय ते मलेशियातल्या सबाह राज्याबद्दल. बोर्निओ बेटाचा हा उत्तरेकडचा भाग. तरुणांच्या मोहिमा इथे अनेक वर्षे येत आहेत, आणि आपल्याकडून जाणाऱ्याला हा प्रदेश पूर्ण परकाही वाटत नाही. तसे का, ते ओघात येईलच.

या मोहिमांची घडण

तरुणांनी परदेशात जाऊन निसर्गाचे आणि गावाचे काम एकत्र करायचे, या पद्धतीला मोठे रूप आले ते ब्रिटनमध्ये. कर्नल जॉन ब्लॅशफोर्ड-स्नेल आणि तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स यांच्या पुढाकाराने १९७८ ते १९८० या काळात ‘ऑपरेशन ड्रेक’ झाले, मग १९८४ मध्ये ‘ऑपरेशन रॅले’ सुरू झाले. त्यातून उभी राहिलेली रॅले इंटरनॅशनल ही संस्था सबाहमध्येही काम करत असे. १७ ते २४ वयाचे ‘व्हेंचरर’, त्यांच्यासोबत २५ च्या पुढचे स्वयंसेवक व्यवस्थापक, आणि दहा आठवड्यांत मिळून तीन टप्पे : एक पर्यावरणाचा, एक गावातल्या कामाचा, एक खडतर पायी प्रवासाचा. ही संस्था मे २०२२ मध्ये बंद झाली, पण तीन टप्प्यांचा हा साचा इतर अनेक संस्थांनी उचलला आहे. तुम्हाला मिळणारे वेळापत्रक बहुधा असेच दिसेल.

एवढी जुनी, नावाजलेली संस्थाही बंद पडू शकते, हे पैसे भरताना लक्षात असू द्या. मोहीम रद्द झाली तर पैसे परत कसे आणि किती दिवसांत मिळणार, हे लेखी घ्या.

पहिली पायरी : संस्था पारखून घेणे

यावर महिना गेला तरी चालेल. माहितीपत्रकातले फोटो बाजूला ठेवा आणि संस्थेला ईमेलवर सरळ प्रश्न विचारा.

आम्ही नसताना हे काम कोण बघते? हा सगळ्यात मोठा प्रश्न. उत्तरात गावातल्या समितीचे, सहकारी संस्थेचे किंवा वनखात्याचे नाव यायला हवे. किनाबातांगान नदीच्या खालच्या खोऱ्यात बातू पुतेह गावाजवळच्या लोकांनी ‘कोपेल’ नावाची सहकारी संस्था उभी केली आहे. पाहुण्यांना घरी ठेवणे, वाटाडे देणे, रोपवाटिका चालवणे, पूरक्षेत्रातले जंगल पुन्हा उभे करणे, ही कामे गावचे लोकच करतात. त्यांच्या तुंगोग तळ्यावर साल्व्हिनिया या परदेशी पाणवनस्पतीचा थर चढला होता, तो त्यांनी हातांनी उपसून काढला. आपल्याकडे नद्या-तळ्यांतली जलपर्णी काढायला जे कधी उतरले असतील त्यांना हे काम म्हणजे काय ते सांगायला नको. अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणजे चालत्या कामाला लागलेला आणखी एक हात. तो नसला तरी काम थांबत नाही, आणि तसेच असायला हवे.

दुसरा प्रश्न : या कामासाठी गावातल्या कोणाची मजुरी जाते का? विटा रचायला गावात गवंडी असताना आपण बारा जणांनी वेड्यावाकड्या भिंती रचणे हा त्या गवंड्यावर अन्याय आहे. आपल्या पैशातून त्याला मजुरी मिळावी आणि आपण त्याच्या हाताखाली माल कालवावा, हे बरोबर.

तिसरा : प्राण्यांना हात लावायला मिळतो का? उत्तर ‘हो, ओरांगउटानच्या पिल्लांना कुशीत घेता येते’ असे आले तर तिथेच थांबा. आपला साधा सर्दी-खोकला त्यांच्या जिवावर उठू शकतो. शिवाय जंगलात परत सोडायच्या पिल्लाला माणसाची सवय लागणे हेच त्याचे नुकसान. सेपिलोकचे पुनर्वसन केंद्र १९६४ पासून चालते. तिथे पाहुणे लांबून बघतात. अनाथाश्रमातल्या मुलांसोबत दोन आठवडे खेळून यायचे कार्यक्रमही असेच टाळा. दर पंधरवड्याला नवी माणसे लळा लावून निघून जातात, ते त्या मुलांना सोसवत नाही.

मग पैसे. शुल्कातला किती भाग सबाहमध्ये खर्च होतो, किती कार्यालयात, हे विचारा. चांगली संस्था चिडत नाही.

दुसरी पायरी : कागद

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. भारतीयांना मलेशियात पर्यटनासाठी ३० दिवस व्हिसाशिवाय राहण्याची सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत दिलेली आहे. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र ऑनलाइन भरावे लागते. पण दहा आठवड्यांची मोहीम ३० दिवसांत बसत नाही, आणि पर्यटक म्हणून शिरून काम करणे चूकच. आपल्यासाठी कोणता पास काढणार, हे संस्थेने लिहून द्यायला हवे. ‘ते तिथे गेल्यावर बघू’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

आणखी एक : सबाहचे प्रवेश नियंत्रण स्वतंत्र आहे. क्वालालंपूरला शिक्का बसला तरी सबाहच्या राजधानीत, कोटा किनाबालूला, पुन्हा पासपोर्ट दाखवावा लागतो. पुढचे विमान ठरवताना मध्ये पुरेसा वेळ ठेवा.

विम्यात दुर्गम भागातून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, ते वाचा. साहसाच्या टप्प्यात किनाबालू पर्वत असेल तर त्याची उंची ४०९५ मीटर आहे, आणि बऱ्याच पॉलिसींमध्ये उंचीची मर्यादा असते. ती बारीक अक्षरात छापलेली सापडेल.

तिसरी पायरी : घरच्या डोंगरात तयारी

जिममध्ये दंड कमावून गेलेली मुले तिथे तिसऱ्या दिवशी बसतात. पावसाळ्यात सह्याद्रीत वाढलेली मुले टिकतात. आंबोली, कोयना, भीमाशंकर या भागांत जुलैत चालला असाल तर बोर्निओची निम्मी ओळख झालीच : सतत ओले कपडे, निसरडी मुळे, अंगाला चिकटणारी हवा आणि जळवा. पाठीवर १२ ते १५ किलो घेऊन सलग तीन दिवस चाला. पहिला दिवस सगळ्यांनाच जमतो, तिसऱ्या दिवशी सकाळी ओले मोजे पुन्हा घालताना आपण कसे वागतो ते बघा. सोबत्याशी कुरकुर न करता डबे घासता आले तर तयारी चांगली.

हातांनाही वळण लावा. टिकाव, फावडे, घमेले, कोयता ही अवजारे आधी धरलेली असावीत. गावाकडे समतल चर खोदायच्या श्रमदानाला आठवडाभर जा, तळहाताला फोड आले की हातमोज्यांची किंमत कळते. समुद्राकाठची आवड असेल तर वेळासला जा. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. रात्री किनारा फिरून घरटे शोधणे, अंडी कुंपणाआड हलवणे, तारीख-वार नोंद ठेवणे, हे सगळे गावातली माणसे कशी करतात ते बघून या. परदेशात पाहाल ते काम यापेक्षा वेगळे नसते.

प्रथमोपचाराचा कोर्स मात्र कराच. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा कोर्स बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी होतो.

चौथी पायरी : डॉक्टर

निघायच्या किमान दोन महिने आधी प्रवासविषयक आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरांना भेटा. धनुर्वात, टायफॉइड, हिपॅटायटिस ‘ए’ या लसी, रेबीजची प्रतिबंधक लस, हे सगळे विचारून घ्या. पुढच्या दोन आजारांवर थोडे थांबून बोलतो, कारण मुले त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात.

एक लेप्टो. २००० साली सबाहमध्ये ‘इको-चॅलेंज’ ही साहसी स्पर्धा झाली. ३०४ स्पर्धकांपैकी १८९ जणांशी नंतर संपर्क झाला आणि त्यातल्या ८० जणांना लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे दिसून आली होती. सगामा नदीत पोहल्याचा त्याच्याशी संबंध आढळला. कोकणात भातलावणीला उतरणाऱ्याला आणि मुंबईत पुराच्या पाण्यातून चाललेल्याला हा आजार ठाऊक आहे. तोच हा, जनावरांच्या मुतातून पाण्यात येणारा. पायावर जखम असेल तर ती झाकल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही, नदीचे पाणी तोंडात जाऊ द्यायचे नाही. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक आधीपासून घ्यायचे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

दुसरा हिवताप, पण आपल्या ओळखीचा नव्हे. सबाहमध्ये माकडांमधला प्लास्मोडियम नोलेसी हा परजीवी डासामार्फत माणसाला होतो. जंगलात आणि जंगलाच्या कडेला काम करणाऱ्यांना धोका जास्त. हा परजीवी दर २४ तासांनी वाढतो, म्हणून ताप रोज चढतो आणि माणूस पटकन खालावू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो दुसऱ्या, सौम्य जातीसारखा दिसतो. म्हणून ताप आला तर ‘बघू उद्यापर्यंत’ म्हणायचे नाही, त्याच दिवशी गटप्रमुखाला सांगायचे. मोहिमेवरून परत आल्यावर पुण्यात किंवा नागपुरात ताप आला तर डॉक्टरांना पहिले वाक्य सांगा : मी बोर्निओच्या जंगलात होतो. संध्याकाळी लांब बाह्या, मच्छरदाणी आणि अंगाला डास पळवणारे मलम, यात कंटाळा नको. डेंग्यूचे डास दिवसाही असतातच.

सामान

कपड्यांचे दोनच जोड हवेत, एक ओला आणि एक कोरडा. ओला जोड कामाचा. रोज सकाळी तोच, ओलाच घालायचा. कोरडा जोड फक्त झोपायचा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. थंडीने कुडकुडत असताना ‘आज तेवढा कोरडा घालतो’ असे ज्याने केले तो पुढच्या रात्री रडतो. हा नियम मोडू नका.

महागडे चामड्याचे बूट तिथे वाळत नाहीत. गावकरी काळे, खाली गुठळ्या असलेले रबरी बूट घालतात, त्यांना लाडाने ‘अदिदास काम्पुंग’ म्हणतात, म्हणजे गावातला अदिदास. स्वस्त असतात, चिखलात घट्ट धरतात, धुतले की झाले. मी तिसऱ्या आठवड्यात तेच घेतले. सोबत गुडघ्यापर्यंतचे जळू-मोजे. जळू लागली तर ओढू नका, मीठ-तंबाखूही टाकू नका. तिच्या बारीक टोकाखाली नख सरकवून सोडवा. रक्त थोडा वेळ वाहते, कारण ती रक्त न गोठू देणारा पदार्थ सोडते. स्वच्छ धुऊन दाबून धरले की थांबते.

बाकी यादी संस्था देतेच. आपल्याकडून भर घालायची ती दोन गोष्टींची : जांघेत आणि बोटांच्या बेचक्यात लावायची बुरशीविरोधी पावडर, आणि बंद पाकिटातले मेतकूट. भात तिथे रोज असतो, त्यावर मेतकूट पडले की वाईट दिवसही निभतो. बी-बियाणे किंवा रोपे मात्र नेऊ नका. परक्या वनस्पतीने काय होते ते तुंगोग तळ्याच्या उदाहरणात आलेच आहे.

शाकाहारी असाल तर एक सूचना. भाजी म्हणून समोर येईल त्यात बेलाचान असू शकते, म्हणजे आपल्या जवळ्यासारख्या बारीक कोलंबीची आंबवलेली वडी. यजमानांना पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगा. चौथ्या दिवशी ताट सरकवण्यापेक्षा ते बरे.

पाचवी पायरी : भाषा आणि माणसे

मलय शिकायला मराठी माणसाला वेळ लागत नाही. भाषेला ‘बहासा’, नावाला ‘नामा’, माणसाला ‘मानुसिया’, भूमीला ‘बुमी’, कामाला ‘केर्जा’, आणि ‘गुरू’ तर गुरूच. नवऱ्याला ‘सुआमी’ म्हणतात, बायकोला ‘इस्तेरी’. निघण्याआधी शंभर शब्द पाठ करा. ‘तेरिमा कासिह’ म्हणजे धन्यवाद, ‘हाती-हाती’ म्हणजे सांभाळून, ‘साकित’ म्हणजे दुखतंय किंवा आजारी आहे, ‘आयर’ म्हणजे पाणी.

हाक मारायची रीतही आपलीच. मोठ्या मुलीला ‘काकाक’, मोठ्या मुलाला ‘आबांग’, म्हणजे ताई आणि दादा. आईच्या वयाच्या बाईला ‘माकचिक’, वडिलांच्या वयाच्या माणसाला ‘पाकचिक’. नुसते नाव घेऊन वडीलधाऱ्यांना हाक मारू नका. घरात शिरताना चपला बाहेर, देणे-घेणे उजव्या हाताने, बोट दाखवायचे झाले तर मूठ मिटून अंगठ्याने. गावात पोचल्यावर आधी ‘केतुआ काम्पुंग’ला, म्हणजे गावप्रमुखाला, भेटायचे. कामाची अवजारे नंतर उतरवायची.

किनाबातांगानकाठचे ओरांग सुंगाई बहुतेक मुस्लिम, डोंगरातले कादाझान-दुसून बरेचसे ख्रिस्ती. एका गावात डुकराचे मांस निषिद्ध, दुसऱ्या गावात सणाला तेच मुख्य. तापाई, म्हणजे तांदळाची आंबवलेली दारू, पुढे येईल, प्यायची नसेल तर छातीवर हात ठेवून नम्रपणे नाही म्हणा. कोणी रागावत नाही.

आणि एक शब्द मनात ठेवा : ‘गोतोंग-रोयोंग’. सगळ्या गावाने मिळून एकाचे किंवा सगळ्यांचे काम करणे. आपल्याकडचे इर्जिक. तुमची मोहीम त्यांच्या इर्जिकात सामील होते आहे, असे समजून वागलात तर अर्धे गैरसमज होतच नाहीत.

कामावर : पाणी

गावातल्या टप्प्यात बहुतेकदा गुरुत्वाने येणाऱ्या पाण्याचे काम असते. कोकणात पन्हळीने किंवा पाटाने आगरात पाणी आणतात, तेच तत्त्व. वरच्या ओढ्यावर छोटा बांध, तिथून काळा पाइप, मध्ये टाकी, खाली नळ. टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असली तर नळाला साधारण १ बार दाब मिळतो, पंप लागत नाही. खोदाई आणि पाइप वाहणे हे तुमचे काम, जोडणी गावच्या जाणत्या माणसाची.

जोडणी शिकून मात्र घ्या. पाइपच्या चढावर हवा अडकली की पाणी थांबते, म्हणून उंच जागी हवा सोडायची झडप लागते. बांधाची जाळी पावसात पालापाचोळ्याने भरते. ती कोण साफ करणार, बदलायच्या जोडण्यांचे पैसे कोणाकडे जमणार, हे गावाच्या बैठकीत ठरले नसेल तर पाइप पुरायची घाई करू नका. आमच्या वेळी या एका बैठकीसाठी काम चार दिवस थांबले. आम्ही तरुण पोरे वैतागलो होतो. थांबवणाऱ्या माकचिकचे बरोबर होते.

कामावर : झाडे

किनाबातांगान ही सबाहची सर्वांत लांब नदी, सुमारे ५६० किलोमीटर. तिच्या खालच्या खोऱ्यातले सुमारे २६,००० हेक्टर जंगल २००५ मध्ये अभयारण्य झाले, पण ते सलग नाही. नदीकाठी विखुरलेले तुकडे आहेत आणि मधल्या जागी तेल-पामचे मळे. ओरांगउटान आणि बोर्निओचे छोटे हत्ती या तुकड्यांतून ये-जा करतात. तुम्ही राखाल ती रोपे म्हणजे दोन तुकड्यांमधला पूल. पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आपला देश आहे, हे फरसाणाचे पाकीट उलटून वाचताना आठवावे. मला त्या मळ्यांत राबणाऱ्यांना नावे ठेवायची नाहीत. तेल आपल्याच कढईत येते, एवढे म्हणतो.

नदीकाठी लावतात त्यात ‘लारान’ असतो. पानावर हात फिरवून बघा. हा आपला कदंब. ऊन सोसतो, झपाट्याने वाढतो, म्हणून उघड्या जागेत आधी तो. सेराया, कापूर ही मोठी झाडे आपल्या सालवृक्षाच्या कुळातली. ती लहानपणी सावलीत वाढतात आणि काही वर्षांतून एकदाच, सगळी मिळून फळतात. त्यांचे बी साठवून टिकत नाही. बहर आला की गावकरी लगेच बी वेचून रोपवाटिकेत लावतात, त्यामुळे त्या काळात गेलात तर सगळे सोडून हेच काम असेल.

रोप मरण्याची कारणे ठरलेली : गवत, वेल, पूर आणि हत्तीचा पाय. पहिल्या दोनांवर आपला इलाज आहे. रोपाभोवती हातभर जागा स्वच्छ करा, पण कोयता रोपाकडून बाहेर चालवा. नवशिक्याच्या हातून रोपच कापले जाते. सोबत्यापासून दोन कोयत्यांचे अंतर ठेवा. प्रत्येक रोपाची नोंद वहीत करा : जिवंत, मेलेले, सापडले नाही. मेलेल्यांचा आकडा लपवू नका. कोणती जात कुठे जगत नाही, हे त्यातूनच कळते.

नदीत मगरी आहेत. काठावर भांडी घासणे, हातपाय धुणे हे गावकरी दाखवतील तिथेच आणि उजेड असतानाच. ओरांगउटान दिसला तर किमान १० मीटर लांब, आवाज नाही, खाणे नाही. सर्दी झाली असेल त्याने त्या दिवशी जंगलात न गेलेले बरे. हत्तींचा कळप दिसला की वाटाड्या म्हणेल तसे, लगेच.

घरच्यांसाठी

आई-बाबांना आधीच सांगा की आठवडाभर फोन लागणार नाही. संस्थेचा चोवीस तासांचा एक क्रमांक त्यांच्याकडे असावा. मलेशियाची घड्याळे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, हेही लिहून फ्रिजवर चिकटवा. माझ्या आईने चिकटवले होते.

निघताना

शेवटचे तीन दिवस नव्या कामाला हात घालू नका. नोंदवही स्वच्छ अक्षरात उतरवून तिची एक प्रत रोपवाटिकेच्या ताईंकडे आणि एक संस्थेकडे द्या. फीत सुटलेल्या काठ्यांना नव्या फिती बांधा. कोयत्यांना धार लावून, तेलाचा हात फिरवून ठेवा. रबरी बूट धुऊन उन्हात वाळवा आणि आत कागदावर माप लिहून मचाणाखाली रांगेत मांडा; पुढच्या तुकडीतल्या कोणाला तरी ते बसतील, आणि त्यालाही पहिल्या दिवशी कोयताच मिळेल.